किलोमोल प्रति तास, मोल प्रति सेकंद आणि कारखान्याचा ‘दिवस’: गुणायचं कुठे, भागायचं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नुकते लागलेले एक ट्रेनी विचारतात: फ्लोशीटवर प्रवाह किलोमोल प्रति तासात आहे, सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला मोल प्रति सेकंद लागतात आणि सकाळच्या रिपोर्टमध्ये आकडा दिवसाचा भरायचा असतो. ३६०० ने गुणायचं की भागायचं इथे दर वेळी गोंधळ होतो आणि बेरीज केली तर दिवसाचा आकडा जुळत नाही. पक्की पद्धत कोणती?

आधी सरळ उत्तर देतो. किलोमोल प्रति तासाचे मोल प्रति सेकंद करायचे असतील तर ३.६ ने भागा. उलटं करायचं असेल तर ३.६ ने गुणा. हा ३.६ म्हणजे तासातले ३६०० सेकंद भागिले किलोमधले १०००. एवढं पाठ असलं तरी निम्मं काम होतं. पण तुमचा दिवसाचा आकडा न जुळण्याचं कारण या गुणाकार-भागाकारात नसावं. ते बहुधा ‘दिवस’ या शब्दात आहे. त्याकडे येतोच, आधी पाया पक्का करू.

मोल हे रेणूंची ठरावीक संख्या मोजायचं एकक आहे, आणि मोलर प्रवाह म्हणजे ठरावीक वेळात पाइपातून किती मोल गेले. वेळेचं एकक बदललं म्हणून पाइपातला प्रवाह बदलत नाही, तुम्ही किती वेळ मोजत उभे राहिलात एवढंच बदलतं. वजनकाट्यावर तासभर उभं राहून उसाच्या ट्रॉल्या मोजल्या तर जेवढ्या भरतील, तेवढ्या मिनिटभरात भरणार नाहीत. म्हणून कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी एकच ठरवायचं: नवीन एककातली वेळ मोठी आहे की लहान? मोठी असेल तर आकडा मोठा यायला हवा, लहान असेल तर लहान. तासावरून सेकंदावर जाताय, म्हणजे आकडा कमी होणार. किलोमोलवरून मोलवर जाताय, म्हणजे तो वाढणार. हे दोन बदल एकाच दमात करायला गेलं की गोंधळ होतो. वेगवेगळे करा.

तुमच्याच कामातला आकडा घेऊ. डिस्टिलरी ६० केएलपीडीची (किलोलिटर पर डे) धरा, म्हणजे दिवसाला ६०,००० लिटर शुद्ध इथेनॉल. २० अंश सेल्सिअसला इथेनॉलची घनता लिटरला ०.७८९ किलो, म्हणजे दिवसाला ४७,३४० किलो. रेणूभार, म्हणजे एका किलोमोलचं किलोतलं वजन, ४६.०७. भागाकार केला की दिवसाला १,०२७.६ किलोमोल येतात. आता कागदावर एका ओळीत, प्रत्येक पायरीला एकक लिहून, असं उतरवा:

१,०२७.६ किलोमोल/दिवस × (१ दिवस / २४ तास) = ४२.८ किलोमोल/तास
४२.८ किलोमोल/तास × (१००० मोल / १ किलोमोल) = ४२,८१५ मोल/तास
४२,८१५ मोल/तास × (१ तास / ३६०० सेकंद) = ११.८९ मोल/सेकंद

कंसातल्या प्रत्येक अपूर्णांकाची किंमत १ आहे, कारण वर आणि खाली तीच गोष्ट दोन नावांनी लिहिलेली आहे. जे एकक घालवायचं आहे ते अशा जागी ठेवा की वरचं खालच्याशी कापलं जाईल. ‘तास’ छेदात आहे, तो घालवायचा आहे, म्हणून अपूर्णांकात तास वर आला पाहिजे. एकक कापलं गेलं नाही, किंवा ‘तास × तास’ असं काही उरलं, तर अपूर्णांक उलटा लागलाय हे तिथेच दिसतं. पाठांतराची गरज उरत नाही.

याच आकड्यावर नेहमीच्या चुका कशा दिसतात ते ओळखून ठेवा. ३.६ ने भागायच्या ऐवजी गुणलं तर १५४ येतं, म्हणजे खऱ्याच्या जवळपास १३ पट. आकडा १३ पट चुकलेला दिसला की शंका याच ठिकाणी घ्यायची. नुसतं ३६०० ने भागलं तर ०.०११८९ येतं. हा आकडा चुकीचा नाही, तो किलोमोल प्रति सेकंद आहे. चूक फक्त शेजारी ‘मोल’ लिहिण्यात होते आणि सॉफ्टवेअर निमूटपणे हजारपट लहान प्लांट सोडवून देतं. ६० पट फरक आला तर मिनिट आणि तास, किंवा मिनिट आणि सेकंद, यांची अदलाबदल झालेली असते. चुकीच्या पटीवरून चूक कुठली ते सांगता येतं, म्हणून पट काढायची सवय लावा.

ताळा वजनावर घ्यायचा. मळीतल्या साखरेच्या किण्वनात ग्लुकोजच्या एका मोलमागे दोन मोल इथेनॉल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वायूचा मोलर प्रवाहही तेवढाच, ४२.८ किलोमोल/तास. रेणूभार ४४.०१ ने गुणलं की तासाला १,८८४ किलो, दिवसाला सुमारे ४५.२ टन. आता सेकंदाच्या बाजूने या: ११.८९३ मोल/सेकंद × ४४.०१ = ५२३.४ ग्रॅम/सेकंद. ३.६ ने गुणा, पुन्हा १,८८४ किलो/तास. दोन्ही वाटा एकाच गावाला पोचल्या, रूपांतर बरोबर. इथेनॉल ४७.३४ टन आणि वायू ४५.२२ टन मिळून ९२.५६ टन होतात. लागणारं ग्लुकोजही तेवढंच निघतं, ५१३.८ किलोमोल × १८०.१६. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टच्या वाढीत आणि ग्लिसरॉलसारख्या उपपदार्थांत जाते, थोडं इथेनॉल डिस्टिलेशनमध्ये हरवतं, त्यामुळे आकडे थोडे हलतील. पण ताळ्याला हे पुरेसं आहे.

इथेच एक गोष्ट तपासा. तुमचे ६० केएलपीडी शुद्ध इथेनॉलचे आहेत की रेक्टिफाइड स्पिरिटचे, म्हणजे थोडं पाणी उरलेल्या इथेनॉलचे? स्पिरिट घनफळाने ९५ टक्के असेल तर त्यात इथेनॉल ५७,००० लिटर, म्हणजे ९७६ किलोमोल/दिवस. वेळेचं रूपांतर अगदी अचूक करूनही आकडा ५ टक्क्यांनी हुकतो आणि माणूस दिवसभर ३६०० मध्ये चूक शोधत बसतो.

आता ‘दिवस’. बेळगाव जिल्ह्यातल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत एकाच आवारात दोन वेगवेगळे दिवस नांदतात. डिस्टिलरीचा केएलपीडी २४ तासांवर असतो. पण साखर कारखान्याची गाळपक्षमता, म्हणजे टीसीडी (दिवसाला किती टन ऊस), आपल्याकडे बहुधा २२ तासांच्या हिशेबावर सांगितलेली असते. साफसफाई, छोटे थांबे यांसाठी दोन तास सोडलेले असतात. म्हणून २,५०० टीसीडीचा कारखाना २२ तासांच्या हिशेबाने तासाला ११३.६ टन ऊस गाळतो. २४ ने भागलं तर १०४.२ टन येतात. फरक ९ टक्क्यांचा आहे आणि तो थेट मोलर प्रवाहात उतरतो.

सल्फिटेशनचं, म्हणजे उसाचा रस स्वच्छ करायला त्यात गंधक जाळून केलेला वायू सोडण्याचं, उदाहरण घ्या. गंधकाचा वापर उसाच्या वजनाच्या ०.०५ टक्के धरू. दिवसाला १,२५० किलो गंधक, अणुभार ३२.०६, म्हणजे ३९.० किलोमोल/दिवस. गंधकाच्या एका मोलपासून सल्फर डायऑक्साइडचा एक मोल. २४ ने भागलं तर १.६२ किलोमोल/तास, म्हणजे ०.४५१ मोल/सेकंद. २२ ने भागलं तर १.७७ किलोमोल/तास, म्हणजे ०.४९२ मोल/सेकंद. गिरण चालू असताना सल्फर बर्नरला दुसरा, म्हणजे २२ ने भागलेला, आकडा द्यायचा आहे. पहिल्या आकड्यावर बर्नर किंवा ब्लोअर निवडला तर कागदावर सगळं बरोबर दिसतं, पण गाळप पूर्ण वेगात आलं की रसाला वायू कमी पडतो, आणि दोष चुन्याच्या प्रमाणाला दिला जातो.

तुमच्या रिपोर्टात साखर विभागाचे आणि डिस्टिलरीचे आकडे एकाच तक्त्यात असतील आणि सगळीकडे २४ च वापरला असेल, तर न जुळण्याचं कारण मला तिथेच दिसतं. नियम एकच: ‘प्रति दिवस’ आकडा हातात आला की आधी विचारा, किती तासांचा दिवस? उत्तर मिळाल्याशिवाय भागाकार करू नका. सेकंद, मिनिट आणि तास यांच्यात अशी शंका कधीच येत नाही. दिवस, शिफ्ट, महिना, हंगाम आणि वर्ष ही मात्र ठरवून घ्यायची एककं आहेत. वर्षाचंही तसंच. ३६५ दिवस धरले तर ८,७६० तास, लीप वर्षात ८,७८४. पण डिस्टिलरी वर्षाला ३३० दिवस चालते असं धरलेलं असेल तर ७,९२० तास. वरचे ४२.८ किलोमोल/तास पहिल्या हिशेबाने वर्षाला ३.७५ लाख किलोमोल होतात, दुसऱ्याने ३.३९ लाख. आणि वर्षाच्या आकड्यावरून तासाकडे उलटं येताना चुकीचे तास घेतले तर प्लांट गरजेपेक्षा दहा टक्के लहान निवडला जातो. हे जास्त महागात पडतं.

याला लागूनच दुसरी गोष्ट येते: क्षणाचा वेग आणि सरासरी वेग. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) हे फार स्पष्ट दिसतं, म्हणून तिथलं उदाहरण देतो. सोडियम सिलिकेट घातलेल्या वाळूचा कोअर (ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा गाभा) कडक करायला त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. रोटामीटरवर, म्हणजे वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरवर, मिनिटाला २० लिटर दिसतात. हा आकडा कामाच्या जागेच्या तापमान-दाबाचा आहे असं धरू. तिथे एका मोलला सुमारे २७.२ लिटर जागा लागते (कशी ते पुढे सांगतो), म्हणजे ०.७३५ मोल/मिनिट. ६० ने गुणून ४४.१ मोल/तास, वजनात १.९४ किलो/तास. या हिशेबाने ३० किलोचा सिलिंडर साडेपंधरा तासांत संपायला हवा. तो तर दहा-अकरा शिफ्ट पुरतो. मग कुणी म्हणतं मीटर खोटा आहे. मीटर खरा आहे. एका कोअरला गॅस १५ सेकंद सोडला आणि तासाला ४० कोअर झाले तर तासातली फक्त १० मिनिटं व्हॉल्व्ह उघडा असतो. म्हणजे घड्याळाच्या तासाला खरे ७.३५ मोल, ३२३ ग्रॅम. आठ तासांच्या शिफ्टला २.५९ किलो. त्या हिशेबाने सिलिंडर साडेअकरा शिफ्ट पुरायला हवा, आणि साधारण तेवढाच पुरतो.

४४.१ मोल/तास हा आकडा नळी आणि व्हॉल्व्ह निवडायला बरोबर आहे. ७.३५ मोल/तास हा खरेदीला बरोबर आहे. दोघांचं एकक तेच, म्हणून लिहिताना शेजारी ‘गॅस चालू असताना’ किंवा ‘शिफ्टची सरासरी’ हे शब्द लागतातच. डिस्टिलरीतही तसंच आहे. बॅच फरमेंटरमधून वायू सुरुवातीला थोडा, मध्ये जोरात आणि शेवटी पुन्हा थोडा येतो. दिवसाच्या एकूण मोलना २४ ने भागून आलेल्या सरासरीवर स्क्रबर (वायू पाण्याने धुणारा टॉवर) बसवला तर जोर आला की इथेनॉलची वाफ पाण्यात पुरती न अडकता वर निघून जाते. तीन-चार फरमेंटर पाळीपाळीने चालत असतील आणि हेडर, म्हणजे वायूचा सामाईक पाइप, एकच असेल तर चढउतार बराच सपाट होतो, तरी वरचा टोकाचा आकडा मोजूनच घ्या.

आता त्या २७.२ लिटरबद्दल. अनेक ठिकाणी मीटर घनमीटर/तास दाखवतो आणि हिशेब मोलमध्ये हवा असतो. पुस्तकातला २२.४१४ घनमीटर प्रति किलोमोल हा ० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल दाबाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे आणि एवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९२.६ किलोपास्कल असतो. ३० अंशाला ८.३१४ × ३०३.१५ ÷ ९२.६ = २७.२ घनमीटर प्रति किलोमोल. म्हणजे प्रत्यक्ष घनमीटरला थेट २२.४१४ ने भागलं तर मोल २१ टक्के जास्त दिसतात. डिस्टिलरीतल्या कार्बन डायऑक्साइडचे आपले ४२.८ किलोमोल/तास ‘नॉर्मल’ (म्हणजे ० अंश आणि १०१.३२५ किलोपास्कलच्या) घनमीटरमध्ये ९६० होतात, पण पाइपात प्रत्यक्ष सुमारे १,१६५ घनमीटर/तास वाहतात. फरमेंटरमधून येणारा वायू ओला असतो. ३० अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब ४.२४ किलोपास्कल आहे. तो ९२.६ मधून वजा करून हिशेब केला की पाइपातलं घनफळ १,२२० च्या आसपास जातं. चिकोडी, अथणीकडचा भाग खाली आहे, खानापूरचा घाटाकडचा वेगळा, तेव्हा बेळगावचा दाब सगळीकडे चिकटवू नका. साधा बॅरोमीटर लावून आपल्या जागेचा दाब बघा.

फाउंड्रीतला रोटामीटर हवेसाठी छापलेला असेल तर आणखी एक दुरुस्ती लागते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने, त्याच तापमान-दाबाला, वाचन २८.९७ ÷ ४४.०१ च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.८११ ने गुणायचं. २० चे १६.२ लिटर/मिनिट होतात. हे सगळं आधी करून मोलवर या आणि मगच वेळेचं एकक बदला. घनफळातल्या प्रवाहाला चिकटलेलं तापमान आणि दाब मोलमध्ये आल्यावर सुटतात. म्हणूनच हिशेब मोलमध्ये करायचा असतो.

एक्सेलमध्ये रिपोर्ट करत असाल तर दोन खड्डे आहेत. पहिला: साडेसात तास म्हणजे ७.५०, ७.३० नव्हे. ४२.८ किलोमोल/तासाला हा ०.२ तासाचा फरक ८.५६ किलोमोल, म्हणजे बरोबर ५०० लिटर इथेनॉल. दर शिफ्टला एवढं ‘गायब’ दिसलं तर गळती शोधण्याआधी हा रकाना बघा. दुसरा: सेलमध्ये ७:३० असं वेळेच्या रूपात भरलं तर एक्सेल ते दिवसाचा अंश म्हणून, ०.३१२५ असं ठेवतं. त्याला थेट किलोमोल/तासाने गुणलं तर १३.४ येतात, यायला हवेत ३२१. सूत्रात × २४ घाला. आणि ०.२७७७८ ऐवजी ०.२८ लिहू नका, त्यात ०.८ टक्के जातात. सरळ ‘/३.६’ लिहा, गोलाई शेवटच्या उत्तरालाच द्या.

सेकंदाचं एकक सॉफ्टवेअरला का हवं असतं, तर मोल/सेकंदाला किलोज्यूल/मोलने गुणलं की थेट किलोवॅट मिळतात. इथेनॉलची बाष्पनऊर्जा उकळबिंदूपाशी सुमारे ३८.६ किलोज्यूल/मोल. ११.८९ ने गुणा, ४५९ किलोवॅट. ही फक्त इथेनॉल एकदा वाफ करण्याची उष्णता झाली, रिफ्लक्स (थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला भाग) आणि पाणी वेगळं. किलोमोल/तासात राहिलात तर शेवटी ३.६ ने भागावं लागतंच.

अभियांत्रिकीच्या परीक्षेत सगळ्यात जास्त गुण जातात ते रिअॅक्टरच्या गणितात. प्रवाह तासात, अभिक्रियेचा वेग मिनिटात. २.४ किलोमोल/तास येतंय, ८० टक्के रूपांतर हवंय, सतत ढवळलेल्या टाकीत बाहेर पडताना वेग ०.५ मोल/लिटर-मिनिट. आधी २.४ किलोमोल/तास = ४० मोल/मिनिट करा. मग ४० × ०.८ ÷ ०.५ = ६४ लिटर. मिनिट न करता तसंच टाकलं तर ३,८४० लिटर, पुन्हा तीच ६० पट. वेग-स्थिरांकाचं एकक बदलू नका, त्याच्या सोयीने प्रवाह बदला. चूक कमी होते.

जुन्या अमेरिकन पुस्तकांत पौंड-मोल/तास भेटतो. तो ४५३.५९ मोल/तास, म्हणजे ०.१२६ मोल/सेकंद. त्याला किलोमोल समजू नका.

आजच्या आज करण्यासारखं एक काम आहे. लॉगशीटच्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहा: एकक (किलोमोल/तास), दिवस किती तासांचा (२२ की २४) आणि आकडा त्या क्षणाचा की सरासरीचा. शीट कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, रात्रपाळीच्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात. मग कालच्या दिवसाचे आकडे घेऊन मिलचे २२ ने आणि डिस्टिलरीचे २४ ने पुन्हा भागून बघा की. तरीही फरक उरला तर प्रत्यक्ष चाललेले तास आणि स्पिरिटची टक्केवारी यांच्यासह आकडे इथे टाका, पायरीपायरीने बघू.